दहा वर्षांचा व्हिसा, दीड वर्षाचा बेत

पत्राचा गोषवारा: नाशिकरोडच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय बासष्ट, यजमान इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त. मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीत एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. सूनही तिथेच नोकरी करते आणि जानेवारीत तिची प्रसूती आहे. बाई आणि यजमान यांच्याकडे दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा असून पूर्वी एकदा ते जवळपास सहा महिने राहून आले आहेत. आता मुलाने बेत कळवला आहे. डिसेंबरात या, सहा महिने राहा, मग सहा महिन्यांचं एक्स्टेन्शन भरू. ते संपलं की दोन-तीन आठवडे नाशिकला जाऊन या आणि पुन्हा सहा महिन्यांसाठी परत या. तेवढंही नको असेल तर कॅनडात चार दिवस फिरून आलं की नवे सहा महिने मिळतात, असं त्याच्या ऑफिसात कोणीतरी म्हणालं. यांच्या सोसायटीतल्या एका जोडप्याने असंच केलं आणि काही झालं नाही. ओळखीच्या दुसऱ्या एका बाईंना मात्र विमानतळावर बराच वेळ बसवून ठेवलं आणि शेवटी जेमतेम महिनाभराचा मुक्काम दिला. घरात शहाऐंशी वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना दीर सिडकोतल्या आपल्या घरी नेतील. यजमानांना मधुमेह आहे आणि ते म्हणतात, "तू ठरव." सुनेची आई जळगावला असते, तिचा विषय निघालेला नाही. बाई विचारतात, "हे नियमात बसतं का? आणि बसत नसेल तर मुलाला नाही कसं म्हणू? माझं काय, मी कुठेही रमते."

नमस्कार ताई,

आधी नियमांचं सांगते. पहिले सहा महिने बसतात. एक्स्टेन्शन कागदावर बसतं. तीन आठवड्यांनी परत जाणं कुठल्या कलमात अडत नाही. तरीही हे तिन्ही तुकडे जोडून जो बेत तयार होतो, तो मला धोक्याचा वाटतो. कॅनडाची युक्ती तर चालतच नाही.

तुमच्या यजमानांच्या प्रेसमध्ये अख्ख्या देशाचे पासपोर्ट छापले जातात, तेव्हा कागद अस्सल कसा ओळखायचा हे त्यांना मी सांगायला नको. घोळ होतो तो त्या कागदाने नेमकं काय मिळतं यात. व्हिसाच्या स्टिकरवरची दहा वर्षं ही अमेरिकेच्या दारापर्यंत जाण्याची मुदत आहे. आत किती दिवस राहायचं हे दर वेळी दारावरचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत जाते. हा कागद आता विमानतळावर हातात देत नाहीत. सीबीपीच्या, म्हणजे त्यांच्या सीमा खात्याच्या संकेतस्थळावर पासपोर्ट नंबर टाकून तो बघायचा आणि छापून ठेवायचा. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाकडून हे करून घ्या, दोघांचं वेगवेगळं. त्यात चुका होतात, आणि नवराबायकोच्या तारखा वेगळ्याही निघू शकतात. पासपोर्टची मुदत जवळ आली असेल तर मुक्काम तिथवरच कापला जाण्याची शक्यता असते, म्हणून नूतनीकरण इथेच उरकून निघा. जुन्या पासपोर्टात व्हिसा असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवा, जुना रद्द झाला म्हणून कपाटात ठेवू नका.

आणखी एक. हा अधिकारी अमेरिकेतच भेटेल असं नाही. अबुधाबीमार्गे गेलात तर अमेरिकेची तपासणी अबुधाबीच्या विमानतळावरच होते. रात्रीची अर्धवट झोप झालेली असताना अचानक ते प्रश्न समोर येतात, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

आय-९४ वरची तारीख एका दिवसानेही चुकवली, तर तो दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द समजला जातो. पुन्हा पहिल्यापासून अर्ज, पुन्हा बीकेसीतल्या कॉन्सुलेटची मुलाखत. मुदतीनंतर १८० दिवसांहून जास्त पण वर्षाच्या आत राहून परत आलं तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षं. तुम्ही इतकं राहणार नाही, मला माहीत आहे. पण "चार दिवस इकडेतिकडे चालतात" असं म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात, त्यांच्यासाठी हे लिहिलं.

आता एक्स्टेन्शन. त्याचा अर्ज आय-५३९ हा. मुदत संपण्याआधी भरावा लागतो आणि त्यांचं खातं म्हणतं, किमान ४५ दिवस आधी भरा. एका वेळी सहा महिन्यांपर्यंत वाढ मिळू शकते, मिळेलच असं नाही. का राहायचंय, खर्च कोण करणार, परत कधी जाणार आणि मायदेशी काय ठेवून आलात, हे सगळं लिहून द्यावं लागतं. मुलगा हे रेल्वेचं रिझर्वेशन वाढवल्यासारखं बोलतोय, तसं ते नाही. निकालाला अनेकदा महिनोन्‌महिने लागतात. तोवर मूळ तारीख उलटते आणि तुम्ही पावती हातात घेऊन बसता. अर्ज वेळेत गेला असेल तर निकाल येईपर्यंतचे दिवस बेकायदा मुक्कामात धरत नाहीत. मात्र नकार आला की दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू होते, आणि मिळेल त्या भावाच्या तिकिटाने निघावं लागतं. यजमानांचं ऑपरेशन झालं, सुनेच्या बाळंतपणात गुंतागुंत झाली, अशा खऱ्या अडचणीत हा अर्ज जरूर करावा. तो आधार त्यासाठीच आहे. घरून निघण्याआधीच "एक्स्टेन्शन भरूच" असं ठरवून गेलात, तर विमानतळावर "किती दिवस राहणार?" या पहिल्याच प्रश्नाला खरं उत्तर काय देणार?

जाता जाता, सलग वर्षभर राहिलात तर अमेरिकेच्या कर खात्याच्या दिवसमोजणीतही तुम्ही तिथले रहिवासी ठरू शकता. पेन्शनर माणसाला हे नसतं झेंगट.

तीन आठवड्यांनी परत जाण्याबद्दल. "वर्षात सहाच महिने राहता येतं" असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगितलं असेल. असा नियम कुठे लिहिलेला नाही. दोन फेऱ्यांत किती अंतर हवं, हेही लिहिलेलं नाही. लिहिलेलं नाही म्हणजे मोकळीक, असं मुलाने धरलंय आणि मला नेमकं इथेच थांबवावंसं वाटतं. लिहिलेलं नाही म्हणून सगळा अधिकार समोरच्या अधिकाऱ्याच्या हातात जातो. त्याच्या पडद्यावर तुमच्या सगळ्या तारखा असतात. वर्षभर अमेरिकेत, वीस दिवस नाशिकला आणि पुन्हा दारात, हे बघून तो काय म्हणेल? हे जोडपं न्यू जर्सीत राहतं आणि नाशिकला फिरायला जातं. टुरिस्ट व्हिसासाठी कायद्याची अटच असते की अर्जदाराचं घर मायदेशी असावं, आणि ते त्यानेच पटवून द्यायचं असतं. तेच अधिकाऱ्याला पटलं नाही, तर तो मुक्काम महिन्यावर आणू शकतो, पुढच्या विमानाने परत पाठवू शकतो, आणि रीतसर हकालपट्टीचा शेरा मारला तर पाच वर्षं दार बंद. तुमच्या ओळखीच्या त्या बाईंचं काय झालं हे तुम्ही बघितलंच आहे.

सोसायटीतल्या त्या जोडप्याला काही झालं नाही, हे खरंच असेल. पण ज्यांना परत पाठवलं ते गणपतीच्या मांडवात बसून ते सांगत नाहीत. अशा गोष्टी आपल्या कानावर एकाच बाजूने येतात. मी स्वतः वाचकांना एक साधं माप सांगते. जितके दिवस तिथे राहिलात, त्याहून जास्त दिवस घरी काढा, मगच पुन्हा निघा. हा कायदा नाही, माझं मत आहे.

कॅनडाचं लवकर उरकते. कॅनडा किंवा मेक्सिकोत तीस दिवसांच्या आत जाऊन आलं तर सहसा जुनाच आय-९४ चालू राहतो, नवे सहा महिने मिळत नाहीत. शिवाय तुम्हाला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागेल. नायगारा पलीकडून जास्त छान दिसतो, तेवढ्यासाठी जायचं तर खुशाल जा.

आता जरा अवघड विषय. नातवाला मांडीवर घेणं, न्हाऊ घालणं, सुनेला डिंकाचे लाडू करून घालणं यात गैर काही नाही. आजी-आजोबा नातवाला भेटायला जातात, हे त्या अधिकाऱ्यालाही ठाऊक आहे. पण "सून कामावर जाणार, डे-केअर परवडत नाही, म्हणून आम्ही वर्ष-दीड वर्ष सांभाळणार" हे वाक्य त्याच्या कानाला भेट वाटत नाही, नोकरी वाटते. तुम्ही एक पैसा घेणार नसलात तरी. मग काही मंडळी शिकवतात, "फक्त फिरायला आलोय म्हणा." ते करू नका. खोटं सांगून प्रवेश मिळवला असं ठरलं तर बंदी वर्षांची नसते, कायमची असते. आणि त्या अधिकाऱ्याला मोबाइल तपासायचा अधिकार आहे. "आई, तू आलीस की डे-केअरचे पैसे वाचतील" हा मेसेज फॅमिली ग्रुपवर असेल तर तुमच्या शब्दाला काय किंमत उरणार? मेसेज पुसण्याचा सल्ला मी देणार नाही. बेतच असा आखा की तो सरळ सांगता येईल: "नातू झालाय, साडेचार महिने राहू, हे परतीचं तिकीट, घरी सासूबाई आहेत." इंग्रजी अडलं तर दुभाषा मागा, लाजू नका.

खरं तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मला जास्त बोलायचंय. "माझं काय, मी कुठेही रमते." दोन पानांच्या पत्रात मुलाला काय हवं ते आहे, सुनेची अडचण आहे, दिरांनी काय कबूल केलं तेही आहे. तुम्हाला काय हवं ते मात्र कुठेच नाही, आणि यजमानांनी "तू ठरव" म्हणून स्वतःला सोडवून घेतलंय. मागच्या खेपेला सहा महिन्यांपैकी शेवटचे दोन कसे गेले, आठवून बघा. जानेवारीत तिकडे बर्फ असतो. गाडी चालवता येत नाही म्हणून शनिवारची वाट बघायची. यजमानांचा सकाळचा कट्टा नाही, तुमचं भजनी मंडळ नाही. कदाचित तुम्हाला हे काहीच जाणवलं नसेल. तसं असेल तर उत्तमच, पण ते विचार करून म्हणा, सवयीने नको. मुलाच्या बेताप्रमाणे या डिसेंबरात गेलात तर २०२७ चा सिंहस्थ तुम्ही मोबाइलवर बघाल. आणि सासूबाई शहाऐंशीच्या आहेत. दीर घेऊन जातील, पण दीड वर्षासाठी जाऊबाईंनी होकार दिलाय का? की तोही दिरांनीच परस्पर दिलाय?

मुलगा स्वार्थी आहे असं मी म्हणत नाहीये. पहिलं बाळ, परका देश, दोघांच्या नोकऱ्या आणि तिथल्या डे-केअरचे आकडे. घाबरलेला माणूस हाताशी असलेलं पहिलं उत्तर धरतो. तुम्ही त्याचं पहिलं उत्तर आहात. बाकीची उत्तरं त्याने शोधलीच नाहीत, ती तुम्ही त्याच्यासमोर ठेवू शकता.

न्यू जर्सीत राज्याच्या विमा योजनेतून नव्या पालकांना, आईप्रमाणे बापालाही, बाळाच्या पहिल्या वर्षात बारा आठवड्यांपर्यंत अंशतः पगारी रजा मिळते. मुलाने ती घेण्याचा विचार केलाय का? पत्रात तरी तसं दिसत नाही. त्याला हे विचारायला अजिबात संकोच करू नका.

मग विहीणबाई. बाळंतपणाला आपल्याकडे माहेर आधी आठवतं आणि इथे जळगावला कोणी फोनसुद्धा केलेला नाही. त्यांना जमणार नसेल, तब्येत असेल, व्हिसा नसेल. पण विचारलं तर पाहिजे. बाळंतपणाला त्या, त्या परतल्यावर तुम्ही दोघं आणि मधल्या काळात मुलाची रजा, असं पाळीपाळीने केलं तर कोणालाही एक्स्टेन्शन न मागता बाळाचं पहिलं वर्ष बरंचसं निभावून जातं. बरीच मराठी घरं हेच करतात. त्यांच्याकडे व्हिसा नसेल तर मुलाखतीच्या तारखेला वेळ लागतो, तेव्हा आजच चौकशी करा.

उलटा विचारही करून बघा. बाळ सात-आठ महिन्यांचं झालं की सून रजा काढून त्याला घेऊन दोन महिने नाशिकला येऊ शकेल का? बाळ अमेरिकेचं नागरिक ठरलं तर आपल्या घरी यायला त्यालाच व्हिसा लागणार! भारताच्या ई-टुरिस्ट व्हिसावर एका कॅलेंडर वर्षात १८० दिवसांपर्यंत राहता येतं आणि तो वाढवून मिळत नाही. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांसाठीचं कार्ड, केलं तर जन्मभराची सोय, कितीही वेळा या, कितीही राहा. आई-वडिलांपैकी एक जण भारतीय नागरिक असला तरी ते मिळतं. आधी जन्मदाखला, मग अमेरिकन पासपोर्ट, मग ओसीआय, असा क्रम आहे आणि वेळ लागतो. सुनेला परत जाताना स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा घेणं, लागणार असेल तर मात्र हा मार्ग त्या दोघांनी वकिलाला विचारूनच धरावा.

"मुलगा आमचं ग्रीन कार्ड का करत नाही?" असं बरेच वाचक विचारतात. आई-वडिलांसाठी अर्ज करायला मूल अमेरिकेचं नागरिक आणि एकवीस वर्षांचं असावं लागतं. एच-वन-बी वर नाही, स्वतःला ग्रीन कार्ड मिळाल्यावरही नाही. आणि ते मिळालं तरी तिथे राहणं हेच त्याचं कारण असतं. वर्षभर नाशिकला राहिलात तर ते धोक्यात येतं. ज्यांना जीव नाशिकला आणि पाय दोन्हीकडे ठेवायचेत, त्यांना टुरिस्ट व्हिसाच बरा.

ज्यांची मुलं दुसरीकडे आहेत त्यांनी हे सगळं जसंच्या तसं लावू नये. कॅनडात आई-वडिलांसाठी सुपर व्हिसा आहे. जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो. ब्रिटनमध्ये दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा असला तरी एका भेटीत सहा महिनेच, आणि लागोपाठ भेटींनी तिथेच घर केलंत असं दिसलं तर अडवतात. युरोपातल्या शेंगेन देशांत हिशेब सगळ्यात कडक: कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. बाहेर जाऊन लगेच आत आल्याने मोजणी नव्याने सुरू होत नाही. जर्मनीतल्या मुलीकडे तीन महिने राहून "आता जरा फ्रान्स बघू" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, दिवस सगळ्या देशांचे मिळून मोजतात.

यजमानांच्या मधुमेहाचं विसरू नका. टुरिस्टला तिथलं मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, नसतं आणि आपला मेडिक्लेम बहुतेक वेळा परदेशात चालत नाही. व्हिजिटर इन्शुरन्स घेताना स्वस्त "फिक्स्ड बेनिफिट" आणि महाग "कॉम्प्रिहेन्सिव्ह" असे दोन प्रकार दिसतील. पहिल्यात प्रत्येक उपचाराला ठरलेली रक्कम मिळते, उरलेलं बिल तुमचं. मी दुसरा घ्या म्हणेन. जुन्या आजाराचे नियमित उपचार दोन्हींत सहसा येत नाहीत, तो अचानक बळावला तर काही पॉलिसी मर्यादेत पैसे देतात. ते कलम मुलाला शब्दन्‌शब्द वाचायला लावा. मुक्काम जितका लांबवाल तितकी ही जोखीम वाढते आणि दीड वर्षाच्या बेतात या खर्चाचा आकडा त्याने धरलाय असं मला वाटत नाही. गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी औषधांच्या मूळ नावांसह इंग्रजीत घ्या.

पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात देऊनच निघा. कधी नोव्हेंबरात तिकडेच असलात तर जीवन प्रमाणच्या चेहरा ओळखणाऱ्या ॲपवरून तो देता येतो किंवा भारताच्या कॉन्सुलेटमधून. ॲप इथेच असताना एकदा वापरून बघा, तिकडे गेल्यावर ओटीपी जुन्या सिमवर येतो आणि ते सिम बंद असतं. लाडू-चिवडा नेणार असाल तर कस्टमच्या प्रश्नाला "हो, खाण्याचे पदार्थ आहेत" असंच सांगा. लपवलेलं सापडलं तर दंड होतो.

राहिलं मुलाला कसं सांगायचं. "नाही" म्हणायची वेळच आणू नका, दुसरा बेत सांगा. रविवारच्या कॉलवर सून समोर असताना बोला, कारण तिलाही वर्षभर सासू-सासरे घरात हवेत का, हे अजून कोणी विचारलेलं नाही. यजमानांना शेजारी बसवा. म्हणा, "आम्ही फेब्रुवारीच्या अखेरीस येतो, जुलैच्या मध्यापर्यंत राहतो. त्याआधी जळगावच्या आई येऊ शकतात का बघू, तुझ्या रजेचं काय ते कळव, आणि डे-केअरची नोंदणी आत्ताच करून ठेव." तो थोडा हिरमुसेल. "सगळे करतात" हे वाक्यही येईल. त्याला एवढंच विचारा की व्हिसा एकदा गेला आणि दुसऱ्या नातवाच्या वेळी आम्हाला येताच आलं नाही, तर? सासूबाईंचं, तुमच्या मंडळाचं, यजमानांच्या साखरेचं कारण पुढे करायची गरज नाही, पण ती खरी असतील तर लपवूही नका.

जळगावला फोन मात्र मुलावर सोपवू नका, तुम्ही स्वतः करा, रविवारच्या आधी.